शिव्या ब्रुसेल्सला, बिल बर्लिनचं

मी जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळ, बांधकाम साहित्य विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारी आणि करारांचं काम बघते. लॉ पुण्यात केलं, मास्टर्स इकडे, पण इकडची सनद नाही त्यामुळे कोर्टात उभी राहत नाही. फायली वाचायच्या आणि मालकांना सांगायचं की कुठे भांडा आणि कुठे गुपचूप पैसे द्या. दुसरं सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तर झालं असं की एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आपल्या क्लिनिकसाठी आमच्याकडून ओकचं फ्लोअरिंग घेतलं, त्या क्लिकने एकमेकांत बसणाऱ्या फळ्या, साधारण 3,400 युरोच्या. बसवलं त्यांच्या ओळखीच्या फिटरने, आमचा त्याच्याशी संबंध नाही. काही महिन्यांत वरचं लॅकर कडेकडेने सुटायला लागलं. मी जाऊन बघितलं. खिडकीपाशी ऊन येतं म्हणून झालं असेल असं वाटलं होतं, पण ट्रीटमेंटच्या टेबलाखाली, जिथे ना ऊन ना पाणी, तिथेही तेच. नखाने जरा खरवडलं तर सेलोटेपसारखा लांब पापुद्रा हातात आला. परत येऊन गोडाऊनमधलं त्याच लॉटचं न उघडलेलं खोकं फोडलं, त्यातल्या फळीचंही तसंच. म्हणजे मालच खराब, वाद घालायला जागा नाही.

मालक म्हणाले, "नवी खोकी पाठवून द्या, विषय संपला." पण बाईंनी फिटरचं कोटेशन जोडलं होतं, जुनं उचकटणं, टाकून देणं, नवं बसवणं मिळून 1,500 युरो. त्यावर मालक हसले. "बिल क्लिनिकच्या नावावर आहे ना? मग त्या ग्राहक नाहीत, बिझनेस कस्टमर आहेत. ते ब्रुसेल्सचं झंझट, युरोपियन युनियनचे नियम, फक्त ग्राहकांसाठी. आपण फळ्या विकल्या, बसवून दिल्या नाहीत."

आता गंमत अशी की काही वर्षांपूर्वी त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं.

1999 मध्ये युरोपियन युनियनने ग्राहकांच्या खरेदीबद्दल एक डायरेक्टिव्ह काढलं, माल सदोष निघाला तर फुकट दुरुस्त करा किंवा बदलून द्या. डायरेक्टिव्ह म्हणजे थेट कायदा नव्हे, प्रत्येक देशाने ते आपापल्या कायद्यात बसवायचं असतं. जर्मनीने त्यासाठी वेगळा ग्राहक कायदा केला नाही, 2002 मध्ये सरळ आपल्या 1900 सालापासून चालत आलेल्या सिव्हिल कोडमध्येच, बीजीबीमध्ये, ते घातलं आणि बरेचसे नियम सगळ्याच खरेदीदारांना लावले. त्यामुळे सदोष माल दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं कलम 439 आजीबाईंनाही तेच आणि कंपनीलाही तेच. मग लफडं सुरू झालं.

आमच्याच भागातली, कासेलच्या कोर्टात सुरू झालेली टाइल्सची केस आहे. माणसाने 1,382 युरोच्या टाइल्स घेतल्या, दोन तृतीयांश बसवून झाल्यावर पॉलिशवर डाग दिसले, आणि सगळं उखडून नवीन बसवायचा खर्च निघाला 5,830. जर्मन कोर्टांना प्रश्न पडला की विक्रेत्याने एवढं का द्यावं, त्याची तर चूकही नाही. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेलं (मालकांच्या नकाशात अख्खं युरोप ब्रुसेल्समध्येच मावतं, असो). तिथल्या ॲडव्होकेट जनरलचं (म्हणजे निकालाआधी मत देणाऱ्या कोर्टाच्याच कायदेतज्ज्ञाचं) मत विक्रेत्याच्या बाजूने होतं, तरी जून 2011 मध्ये कोर्टाने उलट निकाल दिला, काढण्या-बसवण्याचा खर्चही विक्रेत्याचाच, फक्त त्याला वाजवी मर्यादा घालता येईल. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने तो अर्थ कलम 439 मध्ये वाचून घेतला.

पण 2012 मध्ये कृत्रिम टर्फच्या मैदानांसाठी घेतलेल्या खराब रबरी दाण्यांची केस आली, दोन्ही बाजूला व्यापारी. तेच कोर्ट म्हणालं, इथे नाही, युरोपची सक्ती ग्राहकांपुरती. म्हणजे कलम एक, वाक्य एक, आणि अर्थ दोन, कोणी विकत घेतलं त्यावर. मला हे अजूनही पटत नाही, पण मालकांच्या डोक्यात हाच निकाल पक्का बसला होता.

यात सगळ्यात जास्त भरडले गेले छोटे फिटर आणि कारागीर. त्यांनी दुकानातून खराब माल घ्यायचा, गिऱ्हाइकाकडे पदरमोड करून पुन्हा काम करायचं, आणि दुकानदाराने त्यांना नुसतं नवीन खोकं द्यायचं. त्यांनी बराच आरडाओरडा केला आणि शेवटी 1 जानेवारी 2018 पासून जर्मन संसदेने कलमातच लिहून टाकलं की काढण्या-बसवण्याचा आवश्यक तेवढा खर्च विक्रेत्याने द्यायचा, समोर ग्राहक असो की व्यापारी. व्यापाऱ्यांसाठी हे युरोपने मागितलंच नव्हतं. मालकांना मी तेवढंच सांगितलं, "शिव्या घालायच्या तर बर्लिनला घाला."

मग ते आमच्या छापील अटींवर आले, त्यात "बसवण्याचा खर्च मिळणार नाही" असं बारीक अक्षरात आहे. ग्राहकासमोर ते चालतच नाही, आणि व्यापाऱ्यासमोरही छापील अटीत कोर्टात टिकणं अवघड, हेही सांगावं लागलं.

खरी डोकेदुखी पुढेच होती. माल बेल्जियमचा. जर्मन कायद्यात दुकानदाराला पुरवठादाराकडून हा खर्च वसूल करायची सोय आहे, पण आमच्या बेल्जियमच्या करारात कोणता कायदा लागू ते लिहिलेलंच नाही, म्हणून तिथे आपोआप संयुक्त राष्ट्रांचा विक्री करार लागतो, आणि ती सोय त्यात नाही. तिथे नुकसानभरपाई मागायची, आणि दाखवायचं की हा खर्च येऊ शकतो हे त्यांना आधीच कळण्यासारखं होतं. फ्लोअरिंग बनवणाऱ्याला फ्लोअरिंग जमिनीवर बसवतात हे कळत नसेल तर कठीण आहे, असं मी मेलमध्ये जरा सभ्य शब्दांत लिहिलं. त्यांनी नवा माल आणि फिटरचा अर्धा खर्च दिला, उरलेला अर्धा आम्ही सोसला, बाईंचं पूर्ण काम ईस्टरच्या सुट्टीत झालं.

आता मालकांना ऑर्डर फॉर्मवर "खाजगी की बिझनेस" असा चौकोन हवा आहे. मी म्हटलं टाका, पण बसवण्याच्या खर्चासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होईल तो पुराव्याच्या बाबतीत, कारण 2022 पासून ग्राहकाला पहिल्या वर्षात दोष मुळातच होता हे सिद्ध करावं लागत नाही, व्यापाऱ्याला लागतं. आणि बेल्जियमच्या करारात कोणता कायदा लागू याची एक ओळ टाका. ती ओळ त्यांनी अजून टाकलेली नाही, चौकोन मात्र छापून आला.