तुम्ही विचारलंत म्हणून : हे कागद मराठी की कानडी?

जुन्या कागदांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर जपून ठेवते म्हटलं, की बेळगावात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कागद मराठी की कानडी?" आपल्या भागात हा प्रश्न का निघतो ते मला ठाऊक आहे, म्हणून नीट उत्तर देते.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सुट्टीला खानापूर तालुक्यातल्या ओळखीच्या घरी जाते आणि माळ्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बघते. आत खरेदीखतं, कर्जरोखे, वाटणीपत्रं असतात, बहुतेक मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडलिपीत. नोंदींचा तक्ता मीच आखला होता. त्यात 'भाषा' असा एकच रकाना होता आणि मोडी दिसली की मी तिथे 'मराठी' भरत होते.

मग एक कागद हाती आला. अक्षर स्वच्छ, तरी शब्द लागेना. मोडीत आधी शिरोरेघ ओढतात आणि खाली सलग लिहीत जातात, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. शब्द ओळखीचा नसला तर तो संपला कुठे तेही कळत नाही. शेवटी मोठ्यानं वाचायला लागले. कट्ट्यावर शेजारचे अज्जा बसले होते. त्यांना मोडी येत नाही. ते म्हणाले, "परत वाचा की बाई. 'केरे' म्हणालासा न्हवं? केरे म्हणजे तळं की." ती एका शेताची चतुःसीमा होती आणि कागद पहिल्या ओळीपासून कन्नड होता. वाचत मी होते, समजत त्यांना होतं.

लिहिणाऱ्याचा हात मोडीत बसलेला आणि सांगणारा कन्नड बोलणारा, असं आपल्याकडे घडणारच. बेळगावचं शहापूर सांगली या मराठी संस्थानात होतं, जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. लिपी दप्तराची, भाषा घरची.

कॉम्प्युटरच्या जगात ही सोय आधीपासून आहे. तिथे लिपीचा संकेत वेगळा असतो, भाषेचा वेगळा. २०१४ साली युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी संकेत देणाऱ्या प्रमाणाच्या, ७.० आवृत्तीत मोडीला स्वतःची जागा मिळाली, ती लिपी म्हणून. माझा तक्ता मी मोडून पुन्हा आखला. आता 'लिपी' वेगळी आणि 'भाषा' एकाहून जास्त भरता येते, कारण वाक्यं मराठी आणि शेतांची नावं कन्नड असलेले कागदही खूप निघतात. गावांच्या नावांनाही तसंच केलं. वेणुग्राम, बेळगाव, बेळगावी यांतलं काहीही शोधलं तरी एकाच गावची नोंद निघाली पाहिजे. हलशी शोधणाऱ्याला पलाशिका हे तिचं जुनं नावही सापडलं पाहिजे.

"आता मशीन मोडी वाचेल की," असंही विचारतात. वाचेल, पण माणसांनी वाचून दिलेल्या कागदांवरच ते शिकतं. ते कागद नुसते मराठी असले, तर 'केरे' दिसल्यावर ते जवळचा मराठी शब्द बसवून मोकळं होईल आणि तळं पुसलं जाईल. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. ऱ्हस्व ओ असेल तर 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ असेल तर शिंग. मोडीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. तिथे ऐकणारा कानच लागतो. म्हणून मी आधी अक्षरं आहेत तशी उतरवते. शब्द तोडणं आणि अर्थ लावणं वेगळ्या थरात ठेवते, म्हणजे चूक निघाली तर मूळ वाचन शाबूत राहतं.

आधी भरलेल्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासते आहे. त्यासाठी मी वाचते, अज्जा ऐकतात, मधे फोनचं रेकॉर्डिंग चालू असतं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून आता एकही रविवार चुकवत नाही.