अण्णांनी आधी दार बघितलं

ठाण्याला नौपाड्यात एका ओळखीच्या काकांच्या जुन्या बंगल्यात १९३४ सालची रोल्स रॉइस आहे हे मला बरीच वर्षं माहीत होतं पण बघायचा योग आला नव्हता. गेल्या महिन्यात काकांचा फोन आला, म्हणाले मागचं डावं दार खाली बसलंय, नीट लागत नाही, तुझे अण्णा येऊन बघतील का? मला कळेना, गाडीच्या दाराला सुतार कशाला, डेंटर लागेल ना. अण्णांनी वागळे इस्टेटमधे फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, गाडीच्या कामाला कधी हात लावला नव्हता. तरी रविवारी सकाळी कळव्याहून निघताना पिशवीत पटाशी, गुण्या आणि पेन्सिल टाकलीच त्यांनी.

शेड उघडली आणि मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. लांबलचक बोनेट, तो उभा रेडिएटर, त्यावर ती पुढे झुकलेल्या बाईची छोटी मूर्ती, खाली गडद निळा रंग, वर काळा. मॉडेल ट्वेंटी-ट्वेंटीफाईव्ह, हे १९२९ ते १९३६ इंग्लंडात डर्बीला बनायचं, सहा सिलिंडर, ३,६६९ सीसी. काकांच्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतर एका संस्थानिकाच्या घरून घेतलेली. मडगार्डच्या रंगाला बारीक बारीक भेगा गेल्यात, सीटचं चामडं सुरकुतलंय, पण सगळं मूळचं. काकांनी एकदाही नवीन रंग मारू दिला नाही आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडलं. चकाचक केलेल्या गाड्या मी रॅलीत बघितल्यात, त्यातली निम्मी गाडी आजची असते. रंग परत कधीही मारता येतो हो, पण मूळचा एकदा खरवडला की गेला.

मग काकांनी सांगितलं तेव्हा सुताराचं कोडं सुटलं. त्या काळी रोल्स रॉइस अख्खी गाडी विकायचीच नाही, इंजिन, चेसीस, चाकं, रेडिएटर एवढं तयार करून द्यायची आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बनवून घ्यायचा. कारखान्याची ठरलेली बॉडी असलेली त्यांची पहिली गाडी म्हणजे सिल्व्हर डॉन, ती आली १९४९ मधे. काकांच्या गाडीला दारापाशी खाली छोटी पट्टी आहे, हूपर, लंडन. हे लोक आधी घोड्यांच्या बग्ग्या बनवायचे, राजघराण्याच्या सुद्धा, तेच कारागीर तीच हत्यारं घेऊन मोटारीकडे वळले. म्हणजे आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा! लाकूड अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचं, चिवट, धक्के खाणारं, क्रिकेटचे स्टंप करतात तेच.

अण्णांचं या सगळ्याकडे लक्षच नव्हतं, ते दारापाशी जाऊन बसले होते. काकांनी दाराचं आतलं चामड्याचं पॅनेल हळूच सोडवलं आणि अण्णांनी आत हात घातला, सांध्यावरून बोट फिरवलं, मग मला म्हणाले, "इकडे ये, हात लाव. खाच बघ कशी घेतलीय, सुई जायची नाही." आणि तिथेच, आतल्या बाजूला, जिथे कुणी कधी बघणार नाही, पेन्सिलने लिहिलेला एक आकडा होता. नव्वद वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी लंडनच्या सुताराच्या हातचा. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

बिजागरी चांगली होती, दुखणं खालच्या कोपऱ्यात निघालं. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं ते निघून जायला खाली भोकं असतात, ती धुळीने बुजलेली आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहितीये, पाणी आत साचून लाकूड वीतभर मऊ पडलं होतं, पटाशीचं टोक सहज रुतलं. पत्र्याला गंज नाही, अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, पण लोखंडी स्क्रू त्याला चिकटून बसले होते तिथे पांढरी भुकटी धरली होती. खाडीच्या दमट हवेत हे दोन धातू एकत्र ओले राहिले की असं होतंच.

काका घाबरत घाबरत म्हणाले, मिस्त्री, दार नवीनच करायचं का. अण्णा जवळजवळ रागावलेच. "नवीन कशाला? कुजलंय तेवढंच काढू, तिरपा जोड देऊ, बाकीच्याला हात लावायचा नाही." अ‍ॅश इथे कुठे मिळणार, म्हणून जुन्या घराच्या खिडकीचं मुरलेलं सागवान घ्यायचं ठरलं, त्यात तेल असतं म्हणून सरस लावायच्या आधी पुसून घ्यावं लागेल, हे पण अण्णांनीच सांगितलं.

पुढच्या रविवारी परत जायचंय. काढलेले स्क्रू काकांनी चहाच्या डब्यात ठेवलेत आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकातला हे अण्णांनी कागदावर पेन्सिलने लिहून ठेवलंय. त्या लंडनवाल्याच्या आकड्याखाली आपली पण तारीख घालायची का, असं मी विचारलं तर म्हणाले, आधी जोड बसू दे.