पाच गिअर मागं

कोल्हापुरात लढाईचा खेळ मांडायचा, तर एक गोष्ट आधीच धरून चालावी लागते. इथं मागं सरायला कुणी तयार नसतं. राजारामपुरीत मित्राच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दुसरं महायुद्ध मांडतो. दिवाळीतला किल्लाच म्हणा, फक्त यातले मावळे टेपनं अंतर मोजून हलतात आणि गोळी लागली की नाही ते फासा ठरवतो. पहिल्याच फेरीत सगळ्यांचे रणगाडे पुढं रेटलेले असतात. खासबागेचं गाव आहे, चालायचंच. या मंडळींत मी डिंगो घेऊन बसतो.

डिंगो ही ब्रिटिशांची टेहळणीची छोटी चिलखती गाडी. १९३९ पासून युद्ध संपेपर्यंत डेमलर कंपनीनं अशा साडेसहा हजारांवर गाड्या बांधल्या. आत माणसं दोन, हत्यार म्हणून एक ब्रेन गन म्हणजे हलकी मशीनगन, समोर ३० मिलिमीटरचा पत्रा आणि बाकीचं अंग बेताचंच. तिची सगळी करामत गिअरबॉक्समध्ये. पाच गिअर पुढं, आणि तेच पाचही मागं! ताशी ऐंशीच्या पुढं धावणारी ही गाडी जवळजवळ त्याच वेगानं उलटी पळायची. मान वळवून मागचं दिसावं म्हणून ड्रायव्हरची बैठकही जरा तिरकी. सुरुवातीच्या गाड्यांची तर मागची चाकंसुद्धा वळायची, पण नवशिक्यांना ते झेपेना म्हणून ती सोय काढून टाकली. थोडक्यात, गाडी कागदावर होती तेव्हाच ठरलं होतं की हिला बघून परत यायचं आहे. उसाचा हंगाम बघितलेल्या माणसाला खरं तर हे सांगायला नको. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा चालवायच्या स्पर्धा आपल्याच भागात भरतात, आणि तिथं शिट्ट्या मारणारेच टेबलावर माघारीला नावं ठेवतात.

आमच्या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या हिश्शात, ही गाडी पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. रंगवताना लोक तोंडाकडून सुरुवात करतात. मी मागून करतो. कारण साधं आहे, खेळताना आपलं सैन्य आपल्याला पाठमोरंच दिसतं. पुढचं चिलखत समोरच्यानं बघायचं, आपल्या वाट्याला इंजिनाच्या जाळ्या. त्या जाळ्यांत पातळ काळपट रंग सोडला की तो आपोआप खाचांत जाऊन बसतो, मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा. एवढ्यानं प्लॅस्टिकचं लोखंड होतं. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मात्र आषाढात मारू नये. हवेतल्या ओलीनं तो रवाळ पडतो आणि गाडी घामोळं आल्यासारखी दिसते.

रंग मी इटलीच्या मोहिमेतला घेतला आहे, फिकट चिखली आणि त्यावर निळसर काळे पट्टे. आपली मराठा पलटण तिथं लढली. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी आधी दोन जखमींना पाण्यातून, उंच बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं सुखरूप आणलं, मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग सांगताना आमच्याकडं सगळे मशीनगनपासून सुरू करतात.

चिखलासाठी परदेशी भुकटीच्या डब्या मिळतात, आणि त्यांची किंमत बघून हसू येतं. पूर ओसरल्यावर पंचगंगा घाटावर जो गाळ सोडून जाते, तो वाळवून मलमलीतून चाळला की पिठाहून मऊ होतो. मॅट वार्निशमध्ये कालवून चाकांवर आणि मागच्या पत्र्यावर ठिपकायचा. टेहळणीची गाडी चकचकीत रंगवणाऱ्यांचं मला कळतच नाही. ती काय वरातीला निघालीय?

मैदानात तिचं काम एकच. झाडीआडून डोकावायचं, कुठं काय लपलंय ते बघायचं आणि समोरच्यानं नेम धरला की सटकायचं. आमच्या नियमांत टेहळणीच्या गाडीला तशी सवलतच आहे. तिच्यावर गोळी झाडायची घोषणा झाली की फासा पडायच्या आत ती मागं पळू शकते, बदल्यात त्या फेरीतली तिची पाळी जाते. समोरचा चिडतो. “भावा, ही काय लढाई झाली?” मी विचारतो, “बहिर्जी नाईकांनी किती किल्ले स्वतः चढून घेतले?” यावर थोडा वेळ शांतता, मग चहा.

गेल्या खेळात त्याची रणगाडाविरोधी तोफ माझ्या डिंगोवर नेम धरून धरून वैतागली आणि तेवढ्यात माझं पायदळ बगलेनं गावात शिरलं. आता त्यालाही टेहळणीची गाडी हवी आहे, पण जर्मनांची. आठ चाकांची, पन्नास मिलिमीटरची तोफ असलेली, एकदम दणदणीत. रंगवून मीच द्यायची आहे. त्या गाडीत मागं तोंड करून बसणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरची सोय असते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.