तुमच्या चित्रांत कोकण का दिसत नाही?

दर मे महिन्यात गावी आले की मालवणात, कुडाळात, कधी घरच्याच खळ्यात हा प्रश्न ठरलेला असतो: इतकी वर्षे टोरोंटोत राहून आपला मुलूख रंगवते म्हणतेस, मग माड, होडी, कौलारू घर यांपैकी काहीच कसे दिसत नाही? तिकडचेही फार वेगळे विचारत नाहीत. तिथल्या एका कलादालनाच्या बाईंनी माझी चित्रे पाहून 'यात थोडे भारतीय काही घालता येईल का' असे सुचवले होते. तेव्हा एकदा सविस्तरच लिहिते.

माड मला काढता येत नाहीत असे नाही. परदेशात गेल्यावर सुरुवातीला मी तेच काढले, ते विकले गेले, त्यावर घरभाडे निघाले आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण आमचे घर सड्यावरचे, म्हणजे किनाऱ्यापासून आत, उघड्या खडकाळ पठारावरचे. समुद्र आम्हांला जत्रेसारखा कधीमधी भेटायचा. पायाखाली, भिंतीत, विहिरीच्या कठड्याला सगळीकडे जांभा. युगानुयुगांच्या पावसाने खडकातले बरेचसे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, तो हा दगड. त्याची भुकटी मी मलमलीतून चाळते, पाण्यात निथळून वाळवते आणि काचेवर जवसाच्या तेलात घोटते. पिवळसर भुकटी तव्यावर भाजली की लाल होते. माझ्या चित्रांत तळापासून वरपर्यंत हाच रंग आहे. कोकण म्हणजे निव्वळ किनारा असे ज्यांना वाटते त्यांना तो दिसत नसेल, तर त्याचा दोष मी माझ्याकडे घेणार नाही.

हे मी वर्षानुवर्षे ठणकावून सांगत आले. मग कुडाळच्या प्रदर्शनाला दादा आला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्या वडिलांच्या आजारपणात सड्यावरची सामाईक जमीन चिऱ्यांच्या खाणीला देण्याचे त्याने ठरवले, आणि माझी सही परदेशातून टपालाने आली. हॉलच्या टोकाला माझे सर्वांत मोठे चित्र होते: तांबडी उभी भिंत, तिच्यावर समांतर आडव्या खाचा, मध्ये एक पायरी. पाहणारे त्याला अमूर्त म्हणत होते आणि मीही त्यांना म्हणू देत होते. दादा त्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग कॅनव्हासला न लावता एका खाचेवरून बोट फिरवत म्हणाला, "ह्यो मशीनचो कट." यंत्राच्या पात्याने आधी चर पाडतात, मग पहारीने चिरा सुटा करतात, तो दोन चरांमधले अंतर नजरेने मापत होता. ताजा जांभा पात्याखाली मऊ लागतो आणि हवा लागली की कडक होतो, हे लहानपणी त्यानेच मला शिकवलेले. "ही आपली खाण मा गो? सगळ्यांका दाखवूक हाडलंस?" मी रंग कसा केला ते सांगू लागले. तो चहाही न घेता गेला.

आरोप करायचा माझा हेतू नव्हता. खाणीचे पैसे दवाखान्यात गेले आणि सही माझीच होती. मग भाद्रपदात 'सीतेची आसवे' या इवल्या फुलांनी जांभळा होणारा सडा सोडून मी खणलेली भिंत का रंगवली? मी येते मे महिन्यात, तेव्हा सडा करपलेला असतो, हे खरे असले तरी पुरेसे उत्तर नाही.

मला नेहमी चित्रकार रझांचे उदाहरण देतात: 1950 मध्ये फ्रान्सला गेले, तिथे त्यांना त्यांच्या चित्रांतला तो बिंदू सापडला, 2010च्या अखेरीस भारतात परतले. असेल. पण बिंदूत सातबारा नसतो. 'ओळख जागेत नसते, रंगात असते' असे मी माझ्या एका जुन्या प्रदर्शनाच्या पत्रकात लिहिले होते. तेव्हाच्या त्या मुलीशी मी आजही भांडते, कारण हा रंग ज्या जागेतून येतो तिथे आता खड्डा आहे. आणि ती मला विचारते, की मग टोरोंटोत बसून तू दुसरे काय रंगवणार होतीस? तिला द्यायला माझ्याकडे काही नसते.

म्हणजे तुम्हांला न दिसलेले कोकण एका माणसाला दिसले आणि ते त्याला लागले. ते चित्र पुन्हा लावू का, असे मी दादाला विचारलेले नाही. विचारले तर तो 'तुझां तू बघ' म्हणेल, आणि नेमके तेच मला त्याच्याकडून ऐकायचे नाही.