आमची वाटचाल : भुसावळच्या घरातून जगभरचा नाताळ

दर डिसेंबरला कोणीतरी विचारतंच, ताई तुम्ही या नाताळच्या पदार्थांत कशा काय पडल्या. एकदाचं लिहूनच टाकते. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव, इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायची, चर्च आहेत, लहानपणापासून नाताळला कुलकुल (पिठाचे वळून तळलेले गोड शिंपले) आणि प्लम केक आमच्या गल्लीत यायचाच. त्यामुळे मला हे परकं कधी वाटलं नाही. २०१२ ला घरून बर्थडे केक सुरू केले, ते सगळेच करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी सुरुवात झाली आंटीमुळे. रेल्वेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, गुडघे दुखायला लागले तसं ओव्हनसमोर उभं राहवेना. एक दिवस रिक्षातून स्वतःची चिनी मातीची बरणी घेऊन आल्या, ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "बेटा, फळं माझी, हात तुझा." बरणीत काळे मनुके, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल, सगळं ऑगस्टपासून रममध्ये मुरलेलं. त्यांचं माहेर अलाहाबादचं, तिकडच्या केकात पेठा पडतो आणि बटरऐवजी साजूक तूप. साखर जाळायचं त्यांच्याकडूनच शिकले. साखर नुसती लाल होऊन चालत नाही, धूर निघून काळपट व्हायला लागली की मगच गरम पाणी ओतायचं, लांब उभं राहून. तो रंग बाटलीतल्या कलरने येत नाही, कोणी काही सांगो.

मग आंटीच मागे लागल्या की एका केकवर थांबू नको. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा स्टोलन शिकले, म्हणजे सुकामेवा घातलेला नाताळचा गोड पाव. नाताळच्या आधीच्या उपवासात तिकडे लोणी चालायचं नाही, तेलात केलेला स्टोलन कोणाला आवडेना, शेवटी थेट पोपकडे विनंती गेली आणि १४९१ ला लोण्याची परवानगी मिळाली. उपवासाला काय चालतं यावरून आपल्या घरात होतात ते वाद आठवा, म्हणजे कळेल मला ही गोष्ट का आवडते. स्टोलन ओव्हनमधून निघाला की गरम असतानाच वितळलेलं बटर पाजायचं, वरून पिठीसाखरेचा जाड थर, आणि निदान आठवडाभर हात लावायचा नाही.

इटलीतल्या मिलानच्या पानेतोनेने, म्हणजे मनुके घातलेल्या उंच, फुगीर गोड पावाने, मात्र फार छळलं. आपल्याकडे डिसेंबरात चांगलीच थंडी पडते, पीठ फुगतच नाही. मी बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवते आणि त्याच्या शेजारी पीठ. भाजून झाल्यावर तो उलटा टांगावा लागतो, नाहीतर मधे बसतो. टांगायला मी सासूबाईंच्या स्वेटर विणायच्या लोखंडी सुया वापरते, बुडाशी आरपार दोन सुया आणि दोन खुर्च्यांच्या मधे रात्रभर लटकवलेला. सासूबाई धुळ्याकडच्या, पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "हाई काय शे व माय?" आता सुया त्याच काढून देतात. फिलिपिन्समध्ये नाताळच्या दिवसांत बिबिंका खातात, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीच्या पानावर ठेवून वरखाली निखारे देऊन भाजतात. केळीच्या पानाला रावेर-यावल शेजारी असताना आपल्याला काय कमी? पान गॅसवर धरून मऊ करून घ्या, नाहीतर फाटतं.

आता २०१८. हे लिहायचं नाही असं घरचे म्हणाले, पण मी लिहिणार. जळगावच्या एका कंपनीने दिवाळीनंतर गिफ्ट बॉक्सची मोठी ऑर्डर दिली होती, तोंडी. बदाम, बटर, मैदा सगळं दाणा बाजारातून उधारीवर उचललं, बांगड्या गहाण ठेवून मोठा डेक ओव्हन घेतला. आणि आमच्याच रस्त्यावरच्या एका बेकरीवाल्याने पसरवलं की हिच्याकडे दारूचा केक असतो, अंड्याची भांडी वेगळी नसतात. माझ्याकडे एगलेसचा ओव्हन वेगळा, चमच्यांना निळी टेप लावलेली, एगलेसची फळं संत्र्याच्या रसात भिजवलेली, लेबलवर सगळं स्पष्ट लिहिलेलं. कोण बघतो? कंपनीने १५ डिसेंबरला फोन करून ऑर्डर कॅन्सल केली, आणि तीच ऑर्डर त्याला गेली. त्याने काय दिलं तर टुटीफ्रुटी, म्हणजे कच्ची पपई साखरेच्या पाकात रंगवलेली, इसेन्स घातलेल्या स्पंजमध्ये, आणि वर नाव प्लम केक. पपईशी माझं भांडण नाही, शहाद्याची पपई आम्ही आवडीने खातो, पण चार महिने फळं मुरवणाऱ्याच्या नावावर ती विकू नका ना. ते मला आजही लागतं.

हॉलमध्ये डब्यांची थप्पी छताला लागलेली, यांनी ओव्हनला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. आंटींना कोणी सांगितलं माहीत नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्यांनी चर्चच्या आवारात टेबल मांडायला लावलं, स्वतः खुर्चीवर बसून सुरीने केक कापून प्रत्येकाला चाखायला लावला, आणि घेतल्याशिवाय कोणाला जाऊ दिलं नाही. कोणाचे तरी पाहुणे नवापूरचे होते, तिकडून फोन यायला लागले. नाताळपर्यंत केक संपले. राहिलेले स्टोलन बटर-साखरेच्या थरामुळे टिकले, जानेवारीत गेले. बांगड्या उन्हाळ्यात सुटल्या.

त्यानंतर व्यवस्थित चाललंय. आंटी आता नाहीत, बरणी माझ्याकडे आहे आणि दर ऑगस्टला पहिली तीच भरते.

नवीन पोरींना सांगते, ऑर्डर तोंडी घेऊ नका, निम्मा अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय बटरला हात लावू नका. कपाने मोजू नका, वजनकाटा घ्या. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा, फ्रूट केकला १५० च्या वर जाऊ देऊ नका, कडा करपतात आणि मधे कच्चा राहतो. रसात भिजवलेली फळं फ्रिजमध्येच ठेवा, ती रमसारखी महिनोन्‌महिने टिकत नाहीत.

यंदा स्टोलनच्या ऑर्डरी ५ डिसेंबरपर्यंतच घेणार, कारण मुरायला वेळ लागतो. पानेतोने मोजकेच होतील, सुया तेवढ्याच आहेत. बिबिंका फक्त भुसावळ आणि जळगावात, ती त्याच दिवशी गरम खायची असते, पार्सल करणार नाही.