पिवळं ॲसिड

रिबॉयलरची, म्हणजे ॲसिड उकळवणाऱ्या उपकरणाची, नळी कापून टेबलावर आली तेव्हा मी व्हर्नियर दोनदा लावून पाहिला. मूळ जाडी २.१ मिलिमीटर, उरली होती ०.७. खड्डे नाहीत, चीर नाही. चघळलेल्या खडीसाखरेसारखी सगळीकडून सारखी झिजलेली, आतून गुळगुळीत.

नळ्या हेस्टेलॉय बी-२ या निकेलच्या मिश्रधातूच्या. उकळतं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसला बघता बघता खाऊन टाकतं. तिथे हा धातू वर्षानुवर्षं उभा राहतो, म्हणून तर एवढे पैसे मोजायचे. परचेसने लगेच ‘पार्टीने भलताच माल दिला’ असं पत्र तयार केलं. त्यांचं नेहमीचंच, आधी पत्र, मग तपास. मी धातूत काय काय आहे ते सांगणारी पीएमआय गन लावली. मॉलिब्डेनम २८ टक्के, बाकी बहुतेक निकेल. माल अस्सल होता.

दारात उभा असलेला शिफ्टचा ऑपरेटर म्हणाला, “साहेब, ॲसिड तीन महिन्यांपासून पिवळं येतंय.”

लॉगबुक उघडलं. रिमार्कच्या रकान्यात पानोपानी ‘ॲसिड पिवळे’. प्रत्येक पानाखाली माझी सही.

शुद्ध ॲसिड पाण्यासारखं असतं. हा पिवळेपणा लोखंडाचा. लॅबमध्ये सँपलमध्ये थायोसायनेटचा थेंब टाकला आणि परीक्षानळी रक्तासारखी लाल झाली. फेरिक, म्हणजे गंजातलं लोखंड! त्याच्यापुढे टिकायला धातूत क्रोमियम लागतं. हेस्टेलॉयच्याच सी-२७६ मध्ये ते १६ टक्के असतं, बी-२ मध्ये जेमतेम १. नुसत्या ॲसिडला पुरून उरणारा हा धातू चिमूटभर गंजापुढे हरतो.

गंज आला स्टोरेज टँकमधून. नोझलपाशी रबर लायनिंग तळहाताएवढं सुटलं होतं. ॲसिड रबरामागचं माइल्ड स्टील खात होतं, हवेने त्या लोखंडाचं फेरिक होत होतं आणि ते थेट रिबॉयलरमध्ये जात होतं. मागच्या दुरुस्तीनंतर स्पार्क टेस्ट (विजेचा ब्रश फिरवायचा, रबराला भोक असेल तिथे ठिणगी उडते) न करताच टँक भरला होता, कारण डिस्पॅच अडलं होतं. तासाभराची टेस्ट! याचा संताप अजून जात नाही.

नवीन रिबॉयलर मी ग्राफाइटचा मागितलाय. त्याला फेरिकची बाधा नाही. फाइल अजून वर पडून आहे.

नव्या लायनिंगच्या टेस्टला त्या ऑपरेटरला घेऊन मी स्वतः टँकमध्ये उतरलो. ब्रश फिरता फिरता नोझलच्या कडेला एक निळी ठिणगी उडाली. “एवढ्याशाने काय होतंय?” कंत्राटदार म्हणाला. मी तिथे खडूने गोल काढला आणि रबर उचकटायला लावलं. डिस्पॅचचे फोन दोन दिवस येत राहिले.