जागा बदलणारी चूक

जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) सोर्समधून, म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून, बिल्ड करायला लावावा, पडद्यावर ओळी धो धो वाहत असाव्यात आणि मध्येच ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून सगळं ठप्प व्हावं. लगेच ती फाइल उघडून ओळ शोधायचा मोह होतो. तो आवरावा आणि काहीही न बदलता नुसतं पुन्हा ‘मेक’ (बिल्ड चालवणारी आज्ञा) द्यावं. चूक त्याच फाइलच्या त्याच ओळीवर आली तर ती सरळमार्गी चूक, आज ना उद्या सापडतेच. पण मघाची फाइल बिनबोभाट पार पडली आणि गाडी भलत्याच फाइलवर अडली, तर सोर्स मिटून ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर शोधा.

त्याआधी एक गरीब संशयित मोकळा करू. संदेशात ‘किल्ड’ असेल तर मेमरी खराब नाही, कमी पडली आहे. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदवहीत, आउट-ऑफ-मेमरी किलरची नोंद सापडते; मेमरी संपली की तोच प्रोसेस मारतो. आठ कोअर आहेत म्हणून ‘-जे ८’ (एका वेळी आठ कामं समांतर) देणारे विसरतात की सी++च्या मोठ्या फाइलला एकेक प्रोसेस गीगाबाइटभर मेमरी सहज खाते. आकडा निम्मा करावा. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-प्रकल्पाचा डिबग बिल्ड (चुका शोधण्यासाठी जादा माहिती भरलेला) तर लिंक करतानाच, म्हणजे तयार तुकडे जोडतानाच, मशीन झोपवतो. तिथे समांतर लिंक एकावर आणावेत, नाहीतर रिलीज बिल्ड करावा.

उरलं हार्डवेअर. ब्राउझर, गाणी, सिनेमे सगळं चालतं, मग कंपायलरच का मरतो? फोटोतला एक बिट उलटला तर एका ठिपक्याचा रंग बदलतो, कुणाला कळतही नाही. कंपायलरच्या पोटात मात्र पॉइंटरांची झाडंच्या झाडं असतात. त्यातल्या एका पत्त्याचा वरचा बिट उलटला की प्रोसेस परक्या जागेत पाय टाकते आणि कर्नल सिग्नल ११, म्हणजे तोच सेगमेंटेशन फॉल्ट, देऊन तिला बाहेर काढतो.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. एका फेरीवर समाधान मानू नये. एकही लाल ओळ आली तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने पळवणारी सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर आणावी, मग एकेक स्टिक काढून तपासावी. तपमान आणि पॉवर सप्लायही बघावेत. मेमटेस्ट निर्दोष सुटला तरी प्रोसेसर सुटत नाही. २०१७मध्ये पहिल्या पिढीचे काही रायझेन प्रोसेसर लिनक्सवर जोरदार समांतर कंपायलिंग करताना असेच कोसळायचे. एएमडीने ते बदलून दिले. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा जादा व्होल्टेजने झिजण्याचं प्रकरण गाजलं. त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) पुढचं नुकसान रोखतो, आधीच झिजलेली चिप दुरुस्त करत नाही.

हार्डवेअरचा दोष दूर झाला की बहुतेक जण खुशीत ‘मेक’ पुढे चालू करतात. हे मात्र करू नये. कोसळलेली प्रोसेस निदान ओरडते तरी. बिट उलटूनही जी फाइल गुपचूप पूर्ण झाली, तिचं काय? जीसीसीचा तीन टप्प्यांचा बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा पुन्हा कंपाइल करणं) दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइल ताडून पाहतो, म्हणून तिथे असा घोळ पकडला जाण्याची शक्यता तरी असते. बाकीच्या बहुतेक प्रोजेक्टांत एवढा पहारा नसतो. म्हणून बिल्डची अख्खी डिरेक्टरी उडवावी, सीकॅश (आधी कंपाइल झालेले तुकडे साठवणारं साधन) वापरत असाल तर तोही रिकामा करावा, आणि सोर्सचा टारबॉल (बांधलेली फाइल) चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, जुळवून नव्याने उलगडावा. तोही कदाचित त्याच रॅममधून गेलेला असतो.